माशाचा कान आणि माशाचा हंगाम

ह्या मासिकाचे वाचक भात, ऊस, खते व बियाणे ह्या विषयांवरील लेख वाचण्यास सरावलेले आहेत. त्यांच्यापुढे माशाचा आवाज व माशाचा कान हा विषय ठेवताना आम्हांस थोडा संकोच वाटतो. परंतु ज्यांच्या जमिनीस नदी अगर ओढा लागून आहे, ज्यांची खाचरे मृगाच्या पावसात भरून वाहतात, अगर ज्यांनी शेततळ्यात मत्स्यबीज सोडले आहे, त्यांचा ह्या विषयाशी संबंध येतो. आणि तो केवळ कुतूहलाचा नसून वागणुकीचा आहे, असे आमचे मत झाले आहे. आमचे शिक्षण मराठी शाळेत सातवीपर्यंत झाले, उरलेले महसूल कचेरीत झाले. इंग्रजी निबंधांतील शास्त्रीय मजकूर आमच्या एका पुतण्याने, जो प्राणिशास्त्र शिकवितो, आम्हांस मराठीत समजावून दिला. त्यावरून काढलेली मते मात्र आमची आहेत.

मासा मुका आहे ही आपली सर्वांचीच समजूत. आम्ही कोकणातील एका तालुक्यात अव्वल कारकून होतो, तेव्हा एका खारजमिनीच्या पाहणीकरिता आम्हांस खाडीपलीकडे जावे लागले. होडी वल्हविणारा कोळी वयस्क होता. खाडीच्या मुखाशी येताच त्याने होडी थांबविली, वल्ह्याचे पाते पाण्यात खोल धरले व मूठ कानाशी लावली. थोड्या वेळाने म्हणाला, "भाऊसाहेब, घोळ बोलतेय." आम्ही हसलो. एवढेच नव्हे, तर कचेरीत परत आल्यावर ती गोष्ट चहाच्या वेळी थट्टा म्हणून सांगितली. पुढे कित्येक वर्षांनी पुतण्याकडून कळले की घोळ, ढोमा ह्या घराण्यातील मासे खरोखरच आवाज करतात. माशाच्या पोटात हवेची जी पिशवी असते व जिला कोळी बोत म्हणतात, तिच्यावर विशिष्ट स्नायू आपटून हा ढोलासारखा नाद निघतो, आणि विणीच्या दिवसांत तो फार वाढतो. जे बोत बाजारात मोठ्या किंमतीस जाते तेच त्या माशाचे वाद्य होय. तो कोळी आता हयात असेल तर आम्हांस त्याची क्षमा मागावयाची आहे.

आमच्या हसण्यापेक्षा मोठी फजिती अमेरिकेतील सुशिक्षित लोकांची झाली. तेथे कॅलिफोर्निया प्रांतात सॅन फ्रान्सिस्कोजवळ सॉसालिटो नावाचे गाव आहे. तेथील उथळ उपसागरात पुष्कळ लोक तरंगत्या घरांत राहतात. १९८० नंतरच्या दशकात ह्या लोकांची उन्हाळ्यात रात्री झोप उडू लागली. अंधार पडला की पाण्याखालून एकसारखा घुमणारा ध्वनी सुरू होई, आणि तो घराच्या तळातून अंथरुणापर्यंत येई. कोणी म्हणाले सांडपाण्याचे पंप चालू आहेत; कोणी म्हणाले आरमाराचे काही गुप्त प्रयोग चालू आहेत. तक्रारी झाल्या, ध्वनी मोजणारे तज्ज्ञ आले. अखेर सॅन फ्रान्सिस्को येथील स्टाइनहार्ट मत्स्यालयाचे जॉन मॅकॉस्कर ह्यांनी सांगितले की हा सारा उपद्व्याप एका वीतभर माशाचा आहे. पुढे गावकऱ्यांनी त्या माशाच्या नावाने उत्सवही भरविला. आमच्या मते तक्रारीच्या अर्जाचा इतका चांगला निकाल क्वचितच लागतो.

ह्या माशास तिकडे मिडशिपमन म्हणतात. मिडशिपमन म्हणजे आरमारातील उमेदवार अधिकारी. माशाच्या पोटाकडील बाजूस प्रकाश देणाऱ्या बारीक ठिपक्यांच्या रांगा असतात. त्या गणवेशाच्या गुंड्यांसारख्या दिसतात म्हणून हे नाव पडले. हिवाळ्यात हा मासा किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात राहतो. वसंताच्या अखेरीस तो किनाऱ्याकडे येतो. मोठे नर भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील दगडांखाली उकरून घर करतात व रात्र पडली की गुणगुणू लागतात. मादी तो आवाज ऐकून दगडाखाली येते, दगडाच्या आतील छतास अंडी चिकटविते व निघून जाते. पुढील कित्येक आठवडे अंड्यांची व पिलांची राखण एकटा नर करतो. ओहोटीस पाणी पुरते आटले तरी तो जागा सोडत नाही.

हे गुणगुणणे म्हणजे काय कष्ट आहेत, ह्याचा आम्ही जुन्या सवयीने हिशेब मांडून पाहिला. ह्या ध्वनीची कंपने सेकंदास सुमारे १०० असतात. वाताशयावरील स्नायूचे प्रत्येक आकुंचन म्हणजे एक कंपन. एकेक गुंजन कधी कधी तासाहूनही अधिक वेळ अखंड चालते. म्हणजे एका तासात ३,६०,००० वेळा तो स्नायू आवळला व सैल झाला. बैल दिवसभर नांगरास चालून इतकी पावले टाकणार नाही. शिवाय स्वतःच्याच आवाजाने स्वतःचा कान बधिर होऊ नये म्हणून गातेवेळी मेंदूकडून कानाकडेही सूचना जात असते.

आतापर्यंत सांगितले ते नराचे. परंतु आम्हांस अधिक विचार करावयास लावले ते मादीच्या कानाने.

माशास बाहेरून दिसणारा कान नसतो, पण डोक्याच्या आत असतो. घोळ अगर ढोमा साफ करताना डोक्यातून पांढरे खडे निघतात ते ज्यांनी पाहिले असतील त्यांनी माशाच्या कानाचाच भाग पाहिला आहे. हा खडा सूक्ष्म केसांच्या पेशींवर टेकलेला असतो. पाण्यात ध्वनी आला म्हणजे माशाचे शरीर पाण्याबरोबर हलते, जड खडा मात्र किंचित मागे राहतो. त्यामुळे केस वाकतात व मेंदूस वर्दी पोहोचते. आता हा कान वर्षभर एकसारखाच ऐकत असेल असे कोणीही धरून चालेल. शास्त्रज्ञही तसेच धरून चालत होते.

कॉर्नेल विद्यापीठातील अँड्र्यू बास व जोसेफ सिस्नेरोस ह्यांनी ह्या माशांच्या माद्या हिवाळ्यात व उन्हाळ्यात तपासल्या. दिसून आले ते असे. हिवाळ्यातील मादीस खालच्या पट्टीचे ध्वनी ऐकू येतात, परंतु वरच्या पट्टीचे नीट येत नाहीत. तीच जात उन्हाळ्यात, अंडी भरली असता, सेकंदास ३०० कंपनांच्याही पलीकडचे ध्वनी चांगले टिपते. ह्यात एक खुबी आहे. नराच्या गुंजनात मूळ स्वर सुमारे १०० कंपनांचा असला तरी तंबोऱ्याच्या तारेतून जसे वरचे स्वर आपोआप उमटतात तसे त्याच्यातही दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर मिसळलेले असतात. उथळ पाण्यात खालचा स्वर दूर जात नाही, लवकर विरतो. वरचे स्वर त्या मानाने दूर पोहोचतात. म्हणजे नर ज्या उथळ पाण्यात बसून हाक मारतो, तेथून जे स्वर दूर जाऊ शकतात नेमके तेच ऐकण्याची शक्ती मादीच्या कानात नेमक्या त्याच ऋतूत येते. हंगाम सरला की ती जाते.

ही शक्ती येते कोठून? शरीरातील काही ग्रंथी रक्तात अत्यल्प प्रमाणात जी द्रव्ये सोडतात व ज्यांच्यामुळे दूरच्या अवयवांचे काम बदलते, त्यांस हॉर्मोन अगर संप्रेरके म्हणतात. ह्या मादीच्या रक्तात टेस्टोस्टेरोन व इस्ट्रोजेन ही दोन संप्रेरके विणीपूर्वी सुमारे महिनाभर वाढतात. मग सिस्नेरोस, बास व त्यांचे सहकारी पॉल फोर्लानो आणि डेव्हिड डाइचर ह्यांनी असे केले की, विणीच्या स्थितीत नसलेल्या माद्यांच्या शरीरात ह्या संप्रेरकांच्या कुप्या बसविल्या. काहींत रिकाम्या कुप्या बसविल्या. सुमारे महिनाभरात संप्रेरक मिळालेल्या माद्यांचा कान उन्हाळ्यातील मादीसारखा झाला; रिकाम्या कुपीच्या माद्यांचा होता तसाच राहिला. इस्ट्रोजेन ओळखून घेणारे घटकही कानाच्या आतच सापडले. हा निबंध २००४ साली अमेरिकेतील 'सायन्स' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढील संशोधनात विणीच्या काळी कानातील केसपेशींची दाटीही वाढते असे दिसले, आणि नराच्या कानातही ऋतूप्रमाणे फरक पडतो हेही सिद्ध झाले.

आम्ही हे ऐकले तेव्हा प्रथम खरे वाटले नाही. जनावर माजावर येते, कोकिळ वसंतात ओरडतो, बेडूक पहिल्या सरीबरोबर डरकतो, हे आपण पाहतो. परंतु ह्या सर्वांत आपले लक्ष हाक देणाऱ्याकडे असते. ऐकणाऱ्याचा कानही ऋतूसाठी घडविला जातो, हा विचार आमच्या मनात कधी आला नव्हता. पाऊस येण्यापूर्वी जो शेतकरी औत-काठी दुरुस्त करून ठेवतो त्यास आपण शहाणा म्हणतो. ह्या मादीचे शरीर महिनाभर आधी कान दुरुस्त करून ठेवते. आणि अंडी घालून झाली की तीच मादी, तोच नर शेजारी तसाच गुणगुणत असता, तिकडे वळूनही पाहत नाही. वसुली पुरी झाल्यावर कारकून जसा त्या गावाच्या वाटेस जात नाही तसेच हे.

सर्वच नर कष्टाळू असतात असे नाही, हेही सांगितले पाहिजे. दुसऱ्या प्रकारचे लहान नर असतात. ते घर करीत नाहीत, गुणगुणतही नाहीत. दिसण्यास मादीसारखे असल्यामुळे मोठ्या नराच्या दगडाखाली चोरून शिरतात व आपला कार्यभाग उरकतात. त्यांचे आवाजाचे स्नायू दुबळे, पण वृषण शरीराच्या मानाने फार मोठे. दुसऱ्याच्या विहिरीवर आपले पीक भिजविणारे लोक सर्वत्रच असतात.

आणखी एक प्रयोग आमच्या मुद्द्यास उपयोगी आहे. रात्रीच का गातात, ह्याचा शोध नी फेंग व बास ह्यांनी घेतला व तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. नरांस सतत अंधारात ठेवले तरी ते रोज आपल्या वेळी गुणगुणत. सतत उजेडात ठेवले की गुंजन दबून जाई. रात्री शरीरात मेलॅटोनिन नावाचे संप्रेरक वाढते व उजेडात ते दबते. सतत उजेडातील नरांस मेलॅटोनिनच्या जोडीचे द्रव्य दिले तेव्हा गुंजन पुन्हा सुरू झाले. म्हणजे ऋतूचे एक संप्रेरक व रात्रीचे दुसरे, अशी दोन्ही कुलपे उघडावी लागतात, तेव्हा एक हाक निघते व एक कान ती ऐकतो.

आता वाचक म्हणतील, पॅसिफिक महासागरातील माशाचे आम्हांस काय? त्या माशाची गोष्ट त्या माशाचीच, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु माशाची वीण ही पाण्याची नव्हे तर शरीरातील संप्रेरकांची बाब आहे, हे आपल्या देशात त्यापूर्वीच सिद्ध झालेले आहे. रोहू, कटला, मृगळ हे मासे तळ्यात वाढतात, अंडीही भरतात, पण साचलेल्या पाण्यात ती घालीत नाहीत. त्यांस पावसाळ्यातील वाहती नदी लागते. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात हिरालाल चौधरी ह्यांनी माशाच्या मेंदूखालील पोष ग्रंथीचा अर्क टोचून ह्या जातींची तळ्यात वीण करून दाखविली. आज शेततळ्यासाठी आपण जे बीज विकत आणतो ते ह्याच शोधाचे फळ होय, आणि १० जुलै हा दिवस त्यामुळेच देशात मत्स्यशेतकऱ्यांचा दिवस म्हणून पाळला जातो. पाऊस, पूर, थंडावलेले पाणी ही बाहेरची खूण. तिचा हुकूम बजावणारा शिपाई आत असतो.

ह्यावरून आम्ही चढणीच्या माशांकडे येतो, कारण आमच्या लेखाचा खरा रोख तेथेच आहे.

कोकणात व घाटमाथ्यावर ज्येष्ठात पहिला जोराचा पाऊस झाला की नदीतील मासे ओढ्यांतून, पऱ्ह्यांतून, खाचरांच्या मोऱ्यांतून वर चढतात. कोणी ह्यांस चढणीचे मासे म्हणतात, कोणी वलगणीचे. त्यांची पोटे गाभोळीने तट्ट फुगलेली असतात. ती अंडी उथळ, नव्याने भरलेल्या पाण्यात घालावयाची असतात. त्या दोन-चार रात्री मासा माणसास भीत नाही, पायांतून जातो, बांधावर उडी मारतो. लोक म्हणतात, मासा आंधळा झाला. तो आंधळा झालेला नसतो. महिनाभर आधीपासून त्याचे सर्व शरीर ह्या एका कामासाठी सज्ज होत आलेले असते व बाकी भीती मागे पडते. आपण नेमक्या ह्याच रात्री टोपल्या, जाळी व कंदील घेऊन बांधावर उभे असतो.

आम्ही कोणास दोष देतो त्याबद्दल गैरसमज नको. ज्यास जमीन नाही, ज्याच्या घरी ज्येष्ठात धान्य संपलेले असते, त्याने ओढ्यात हात घालून चार मासे धरले तर त्यास आम्ही बोलणार नाही. आमचे बोलणे आमच्यासारख्या खातेदारांशी आहे. खाचराची मोरी आपली, बांध आपला, म्हणून मोरीच्या तोंडास मच्छरदाणीचे कापड ताणून बांधणारे आपणच. बोटाएवढेही पिलू त्यातून सुटत नाही. कित्येक ठिकाणी डोहात ब्लिचिंग पावडर टाकतात, कोठे बॅटरीचा प्रवाह सोडतात. सकाळी गाभोळीसह मासे वाटून खातात, अन् भाद्रपदात म्हणतात नदीत पूर्वीसारखे मासे राहिले नाहीत. समुद्रात राज्य सरकारने १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी ठेवली आहे; कोळी लोक दोन महिने होडी किनाऱ्यास ओढून ठेवतात व त्याचा तोटा सोसतात. आपल्या बांधावर मात्र तेच दोन महिने हंगाम समजला जातो. सातबाराच्या उताऱ्यात पिकाचा रकाना आहे, झाडांचा आहे, विहिरीचा आहे. मोरीतून वर जाणाऱ्या माशाचा रकाना नाही. तो कोणाच्याच खात्यावर नसल्यामुळे पहिल्या हाताचा ठरतो.

कोणी म्हणेल, एका रात्रीच्या धरण्याने काय होते, नदी मोठी आहे. ह्यास आमचे उत्तर हिशेबाचे आहे. पीक बुडाले तर दुबार पेरणी होते. परंतु जे शरीर वर्षातून एकदाच हंगामासाठी तयार होते त्याला त्याच वर्षी दुबार पेरणी नाही. कॅलिफोर्नियातील ती मादी हंगामात एकदाच अंडी घालते व तिचा कान त्यानंतर उतरतो. आपल्या ओढ्यातील मासा पहिल्या चढणीत पोटासकट गेला तर त्या पोटातील सर्व रक्कम एकदम वजा होते, शिल्लक काही राहत नाही.

शिंगटी हातात धरली की ती कुर्र कुर्र करते हे आपल्या मुलांसही ठाऊक आहे. काखेतील पराचा काटा सांध्यात घासून ती हा आवाज काढते. आम्ही लहानपणी तो आवाज पुन्हा पुन्हा करविण्यासाठी तिला दाबीत असू.

गेल्या ज्येष्ठात आम्ही आमच्या खालच्या खाचराची मोरी पहिल्या पावसापासून आठ दिवस मोकळी ठेवली व बांधावरील विजेचा दिवाही त्या रात्री लावू दिला नाही. शेजारच्या खातेदाराने विचारले, "अण्णा, यंदा जाळे फाटले का?" आम्ही नाही म्हणालो. तो म्हणाला, "मग तुमचे मासे माझ्या मोरीत येतील." आणि पहिल्या दोन रात्री ते आलेही, त्याने दोन पाट्या भरल्या व एक आमच्या घरी पाठविली. घरातील माणसांनी ती ठेवून घेतली, आम्ही काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी सायंकाळी आम्ही त्यास बोलावून हे सर्व, सॉसालिटोच्या तरंगत्या घरांपासून कानातील खड्यांपर्यंत, सांगितले. तो बराच वेळ ऐकत होता. त्याने विचारले, "म्हणजे आता त्यांना आपले बोलणेही ऐकू जात असेल?" त्या रात्री त्याने कापड सोडले की नाही हे पाहण्यास आम्ही गेलो नाही. श्रावणात मात्र आमच्या खाचराच्या कडेने बोटाएवढ्या पिलांचे थवे फिरताना आम्ही पाहिले, आणि एके दिवशी तोही बांधावर उकिडवा बसून ते पाहत होता.